स्मार्ट कॅमेऱ्याच्या खोक्यावर सुरक्षेचे लेबल असेल तर तो सुरक्षित मानावा का?

तुम्ही विचारले आहे की घरासाठी कॅमेरा आणि स्मार्ट कुलूप घ्यायचे आहे, पाहिलेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाच्या खोक्यावर सायबर सुरक्षेचे लेबल आहे आणि दुसऱ्याच्या नाही, तर केवळ तेवढ्यावरून निवड करावी का. बाकी सर्व सारखे असेल तर लेबल असलेलाच घ्या. मात्र ‘हा कॅमेरा हॅक होऊ शकत नाही’ असे कोणतेही लेबल सांगत नाही. ते जे सांगते ते बरेच मर्यादित असते, आणि ती मर्यादा समजली तरच त्याचा उपयोग होतो. मी अशा उपकरणांच्या सुरक्षा-चाचणीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) कारखान्यातून आलेल्या ठरावीक नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या आळीपाळीने वापरून पाहिल्या आणि एवढ्यावर जगभरातील सहा लाखांच्या आसपास कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने डिन या डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेट-पत्ता शोधून देणारी सेवा) देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा असंख्य लोकांना काही तास उघडेनाशा झाल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना मात्र काहीच जाणवले नाही, कारण चित्र नेहमीप्रमाणे दिसत होते. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुकसान दुसऱ्याचे होते, दोष ग्राहकाला दिसत नाही, आणि त्यामुळे सुरक्षेवर खर्च करणाऱ्या उत्पादकाला बाजारात त्याचे काहीच श्रेय मिळत नाही. न दिसणारा हा गुण खोक्यावर दिसावा, यासाठी लेबले आली.

अशी लेबले देणाऱ्या बहुतेक योजनांचा पाया एकच आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये अशा उपकरणांसाठी १३ मुद्द्यांची आचारसंहिता काढली, आणि तिच्या आधारे ईटीएसआय या युरोपीय मानक संस्थेने जून २०२० मध्ये ‘ईएन ३०३ ६४५’ हे मानक प्रसिद्ध केले. सर्व उपकरणांना एकच पासवर्ड नसावा, त्रुटी सापडल्यास ती कळवण्याची जाहीर सोय असावी आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवता यावे, हे त्यातील पहिले तीन मुद्दे आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून पासवर्ड व त्रुटी कळवण्याविषयीचे नियम कायद्याने बंधनकारक झाले. अपडेटबाबत मात्र ती किती काळ मिळतील हे जाहीर करण्याची सक्ती आहे, तो काळ किती असावा याची नाही.

लेबल पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तपासणी कोणी केली? सिंगापूरच्या योजनेत चार स्तर आहेत. पहिल्या दोन स्तरांवर उत्पादकाच्या स्वयंघोषणेवर भर असतो, तिसऱ्यावर प्रयोगशाळा सॉफ्टवेअरचे विश्लेषण करते, आणि चौथ्यावर तज्ज्ञ प्रत्यक्ष घुसखोरीचा प्रयत्न करून पाहतात. जर्मनीच्या बीएसआय या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे लेबलही मुख्यतः उत्पादकाच्या घोषणेवरच दिले जाते. स्वयंघोषणा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण लेखी दिलेल्या शब्दासाठी उत्पादकाला जाब विचारता येतो. परंतु कागद आणि वस्तू यांतील अंतर मी पाहिले आहे. एका उपकरणाच्या अर्जात सर्व रकाने ‘होय’ होते. आम्ही ते उघडून सर्किट बोर्डवरील सीरियल पोर्टला (उपकरणाशी थेट संवाद साधण्याच्या जोडणीला) तारा जोडल्या, तेव्हा पासवर्ड न विचारताच पूर्ण अधिकार मिळाले, आणि आत सापडलेली गुप्त डिजिटल किल्ली त्या मॉडेलच्या प्रत्येक नगात तीच होती. म्हणजे कोणीही एक नग विकत घेऊन घरी उघडला असता, तर इतर सर्वांच्या घरांतील नगांचे रहस्य त्याच्या हाती आले असते. असा दोष प्रश्नावलीतून बाहेर येत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. आज निर्दोष असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षांनी त्रुटी सापडू शकते, आणि तेव्हा ती दुरुस्त करणारे कोणी नसेल तर जुन्या लेबलाला अर्थ उरत नाही. म्हणूनच सिंगापूरचे लेबल जास्तीत जास्त तीन वर्षे वैध असते. कुलूप मात्र दारावर दहा वर्षेही राहते. ‘तीन वर्षे अपडेट’ एवढेच लिहिले असेल तर ती कधीपासून मोजायची हे पाहा, कारण मॉडेल बाजारात येऊन दोन वर्षे झाली असतील तर तुमच्या वाट्याला एकच उरते. युरोपीय संघाच्या नव्या सायबर रेझिलिअन्स कायद्याने येथे योग्य पाऊल टाकले आहे: ११ डिसेंबर २०२७ पासून साधारणपणे किमान पाच वर्षे अपडेट द्यावी लागतील, आणि ती कोणत्या महिन्यात व वर्षी थांबतील हे विक्रीच्या वेळीच सांगावे लागेल.

खोक्यावर क्यूआर कोड असेल तर तो अवश्य स्कॅन करा, कारण छापलेला कागद बदलत नाही, पण योजनेच्या नोंदवहीतील लेबलाची स्थिती बदलते. तो कोड योजना चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीकडे जातो की उत्पादकाच्या जाहिरातीकडे, हेही तपासा. कंपनीच्या सर्व्हरवर तुमचे चित्रीकरण कोण पाहू शकते, किंवा तो सर्व्हर उद्या बंद झाला तर कॅमेरा चालेल का, याचे उत्तर लेबलवरून सहसा मिळत नाही. ते वेगळे शोधावे लागते.

स्मार्ट दिव्यासाठी मी पहिल्या स्तराच्या लेबलावर समाधान मानेन. कुलपासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेची चाचणी आणि दूरची तारीख, दोन्ही मागेन. तुमच्या दोन कॅमेऱ्यांपैकी लेबल असलेल्याची अपडेट वर्षभरात थांबणार असतील, आणि लेबल नसलेल्याच्या उत्पादकाने पाच वर्षांनंतरची तारीख व त्रुटी कळवण्याचा पत्ता उघडपणे जाहीर केला असेल, तर मी लेबल नसलेला कॅमेरा घेईन.