अमेरिकेचा घरखर्च ब्रिटनच्या दुप्पट?

प्रश्न : अमेरिकेतलं सरासरी कुटुंब वर्षाला ७७,२८० डॉलर खर्च करतं (२०२३), ब्रिटनमधलं आठवड्याला ५६७.७० पौंड (एप्रिल २०२२ ते मार्च २०२३). म्हणजे अमेरिकेचा खर्च दुपटीहून जास्त. हे खरं मानायचं का?

उत्तर : दोन्ही आकडे सरकारी पाहणीतले आहेत, पण ते जसेच्या तसे शेजारी मांडू नका. ५६७.७० गुणिले ५२, म्हणजे वर्षाला साधारण २९,५०० पौंड, तेव्हाच्या एका पौंडाला १.२ डॉलर या दराने ३५ हजार डॉलर. तुमचं गणित बरोबर, मोजमाप वेगळं.

अमेरिकेच्या बेरजेत सोशल सिक्युरिटीसाठी (सरकारी निवृत्तिवेतन योजना) पगारातून होणारी कपातही खर्च म्हणून धरतात. विमा आणि निवृत्तिवेतनाचा तो गट साडेनऊ हजार डॉलरच्या घरात जातो. ब्रिटनच्या बेरजेत नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे तिथल्या तशाच योजनेची, कपात नसते. म्हणून हा गट आधी वगळा. उरतात सुमारे ६७,७०० डॉलर. मग पौंडाचे डॉलर करताना बँकेचा दर सोडा, क्रयशक्तीचा दर घ्या, म्हणजे तीच खरेदी दोन्ही देशांत किती पैशांत होते त्यावरून काढलेला. तो एका डॉलरला ०.७ पौंडाच्या आसपास आहे. ब्रिटनचे ४२ हजार डॉलर होतात आणि दुपटीहून मोठा फरक दीडपटीच्या थोडा वर येतो.

वैद्यकीय खर्चाचं कोडं वजाबाकीने सुटत नाही. अमेरिकन कुटुंब आरोग्य विम्याचा हप्ता खिशातून भरतं आणि तो या आकड्यात दिसतो. ब्रिटनमध्ये उपचाराचा बहुतेक खर्च करातून भागतो, त्यामुळे पाहणीत तो दिसतच नाही. फक्त घरखर्च ताडायचा असेल तर वैद्यकीय खर्च दोन्हीकडून काढा. राहणीमान ताडायचं असेल तर सरकारने केलेला आरोग्य आणि शिक्षणावरचा खर्च दोन्हीकडे मिळवा.

'घर' या सदराची टक्केवारी तर थेट ताडूच नका. गृहकर्जाचं व्याज अमेरिकेत याच सदरात येतं, ब्रिटनच्या तक्त्यात मात्र ते आणि कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) 'इतर खर्चा'त जातात. एकूण बेरीज त्याने बदलत नाही, पण ब्रिटनमधलं घर उगाच स्वस्त दिसतं.

प्रश्न : मग माणशी खर्च काढला तर?

उत्तर : या जोडीत फार फरक पडणार नाही, कुटुंबं जवळपास सारख्याच आकाराची, अडीच माणसांच्या आसपास. इतर देशांसाठी नुसत्या डोक्यांनी भागू नका, कारण चौघांना चार स्वयंपाकघरं लागत नाहीत. पहिला प्रौढ १, पुढचा प्रत्येक ०.५, चौदा वर्षांखालचं मूल ०.३ असं धरा. आईवडील आणि दोन लहान मुलं म्हणजे ४ नव्हे, २.१.