बिल कोणाच्या नावाने फाडलंत, सगळं त्यावर अडलंय

जागा परत कशी मिळवायची असं तुम्ही विचारलंय: नरिमन पॉइंटला समुद्रासमोरच्या टॉवरमध्ये वडिलांनी घेतलेलं ऑफिस, पाच वर्षांचं रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता जागा फक्त वापरायला देण्याचा करार), ते संपून चौदा महिने झाले, मूळ कंपनी बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) निघून गेली आणि 'आमचीच ग्रुप कंपनी आहे' म्हणत दुसरीच मंडळी आत बसलीयत, आता हलत नाहीत. या पट्ट्यातून असे प्रश्न मला सारखे येतात. मोठे भाडेकरू बीकेसीकडे गेले आणि मागे खुर्चीवर कोण बसलं हे मालकाने बघितलंच नाही.

लायसन्स संपलं की जागा सोडायची, हे तुम्हाला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. माझी नजर तुम्ही पाठवलेल्या बिलांवर अडकली. गेल्या अकरा महिन्यांची बिलं नव्या कंपनीच्या नावाने, तिचा जीएसटी नंबर टाकून, १८ टक्के लावून, आणि समोर स्वच्छ लिहिलंय 'ऑफिस रेंट'. अहो, हे कोणी करायला सांगितलं तुम्हाला? टीडीएसही (भाडं देतानाच कापायचा आयकर) तीच कापतेय, म्हणजे ती भाडेकरू असल्याचा कागद दोन्ही बाजूंनी तयार.

का चिडतोय ते सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ३ प्रमाणे ज्या कंपनीचं पेड-अप कॅपिटल (भरणा झालेलं भागभांडवल) १ कोटी किंवा जास्त आहे तिला या कायद्याचं संरक्षण नाही. जुनी कंपनी त्यात बसत होती. नवी म्हणे छोटी प्रायव्हेट लिमिटेड, कॅपिटल १ लाख. ती उद्या कोर्टात म्हणणार की मी भाडेकरू, मालकानेच रेंटची बिलं दिली. आणि कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि रजिस्टर्ड करायची जबाबदारी मालकाची, नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरायचं, उलट सिद्ध तुम्ही करायचं.

म्हणून आजपासून त्या नावाने एकही बिल नको. तिचं कॅपिटल कंपनी खात्याच्या साइटवर स्वतः बघा, ऐकीव आकडा नको. मग जुन्या आणि नव्या, दोघांनाही वकिलामार्फत नोटीस, की तुमचा ताबा मूळ लायसन्समधूनच आला, येणारे पैसे आम्ही भाडं म्हणून नाही तर वापराची भरपाई म्हणून घेतोय, हक्क राखून. 'ग्रुप कंपनी आहे' असं लिहिलेला त्यांचा तो ईमेल जपून ठेवा, स्वतंत्र भाडेकरू असल्याचा दावा खोडायला तुमच्याकडे तेवढा एकच कागद दिसतोय.

दावा स्मॉल कॉजेस कोर्टात (मुंबईत जागेच्या ताब्याचे असले दावे तिथे चालतात), दोघांनाही पार्टी करून, आणि पहिल्याच तारखेला तिसऱ्या कोणाला आत घ्यायला मनाई मागा. घराच्या लायसन्ससाठी कलम २४ ची झटपट वाट आहे, ऑफिसला ती नाही, त्यामुळे किती वर्षं जातील हे मी छातीठोक सांगणार नाही. तारखांवर तारखा पडतात, मी रोज बघतो, म्हणून तर चौदा महिने घरी बसून घालवलेत त्याचा राग येतो.

कुलूप तोडणं, लाइट कापणं असलं काही करू नका, बेकायदा बाहेर काढलं म्हणून ते सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतात. आणि हो, तिथल्या बऱ्याच टॉवरखालची जमीन भराव घातलेली आणि सरकारी लीजवरची आहे, तेव्हा सोसायटीकडून लीज डीडची कॉपी मागवून पोटभाड्याबद्दल काय अट आहे तेवढी वाचा. ती न वाचता त्यावर मत देत नाही. नोटीस मात्र या आठवड्यात गेली पाहिजे.