प्लेटिंगचं पाणी मुरलेल्या काळ्या रानात चुना पसरला तर क्रोमियम बसेल का?

तुम्ही लिहिलंय की कुपवाडला शेडमागच्या रानात क्रोम प्लेटिंगचं पाणी मुरलंय आणि पावसाळ्यात विहीर पिवळसर होते. चुना नको. आणि विहिरीचं पाणी पिणं आजच बंद करा. उकळून क्रोमियम जात नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, क्रोमेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्रोमियमचा, पिवळेपणा डोळ्याला दिसतो तो तिच्या कित्येक पट पुढे.

क्रोमियमची दोन रूपं, क्रोम तीन आणि क्रोम सहा. चुन्याचा सल्ला क्रोम तीनसाठी खरा आहे. पीएच साडेपाचच्या वर गेला की ते हायड्रॉक्साइड होऊन मातीतच बसतं. तुमचं मात्र क्रोम सहा, म्हणजे क्रोमेट, धरून चाला. त्याच्यावर ऋण भार, चिकणमातीच्या कणांवरही ऋण भार, मग धरणार कोण? लोहाचे ऑक्साइड धरतात, पण आम्ल जमिनीत. महाबळेश्वरकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत ते बरंच अडकेल. कृष्णाकाठच्या आठ-साडेआठ पीएचच्या काळ्या रानात पाण्याबरोबर खाली जातं, उन्हाळ्यातल्या भेगांतून तर पहिल्याच पावसात. चुन्याने पीएच चढला की अडकलेलंही सुटतं. डीएपीतलं फॉस्फेटही क्रोमेटला हुसकावून त्याची जागा घेतं, त्यामुळे त्या तुकड्यात तूर्त तेही नको.

आधी दर ३० सेंटिमीटरला एक असे दीड मीटरपर्यंत नमुने काढा. उन्हात वाळवू नका, ओलेच पिशवीत बंद करून बर्फात पाठवा. एकूण क्रोमियमचा आकडा एकटा कामाचा नाही, आपल्या काळ्या दगडातून आलेल्या मातीत ते मुळातच असतं. प्रयोगशाळेकडे अल्कधर्मी निष्कर्षणाने क्रोम सहा मागा, शिवाय फॉस्फेटच्या द्रावणात किती सुटतं तेही. हलणारा भाग तोच.

उपाय हिराकशीचा, म्हणजे फेरस सल्फेटचा: तिच्यातलं लोह क्रोम सहाचं क्रोम तीन करतं आणि ते मातीत बसतं. हिशेबाने १ किलो क्रोम सहाला साधारण १६ किलो हिराकस. किलोला १०० मिलिग्रॅम क्रोम सहा असलेल्या १ टन मातीला १.६ किलो झाली. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट लागते, कारण हवा आणि चुनखडी तिच्यातलं लोह खातात. ती वरून शिंपडून पाणी सोडणं ही नेहमीची चूक. लोह वरच्या थरातच गंजून बसतं, सल्फेट मात्र क्रोमेटला पुढे ढकलत विहिरीकडे नेतं. माती उकरून, प्लास्टिकवर पसरून, चिखल होईल इतक्याच पाण्यात कालवा. आठवड्याने पुन्हा तपासा, आणि पावसाळ्यानंतर एकदा: मातीतले मँगनीजचे ऑक्साइड ताजं बसलेलं क्रोम तीन थोडंफार परत सहा करतात.