१० बाय १४ च्या हॉलमध्ये एल आकाराचा सोफा घ्यावा का?

शक्यतो नको. एल सोफ्याची लांब बाजू साधारण ८ फूट, आडवी ५ ते ६. एवढ्या हॉलमध्ये तो बसतो, पण बाल्कनीकडे जायची वाट बुजते. ६.५ फुटी थ्री सीटर आणि हलवता येणाऱ्या दोन खुर्च्या बऱ्या. पाहुणे आले की फिरवून ठेवता येतात.

आधी जमिनीवर मास्किंग टेपने सोफ्याचा आकार आखा आणि दोन दिवस त्याभोवती वावरा. चालायला अडीच-तीन फूट हवेत, सोफा आणि टीपॉयमध्ये दीड फूट. दार, जिना आणि लिफ्टही मोजा. सोफा वर चढतच नाही, हे बहुतेकांना डिलिव्हरीच्या दिवशी कळतं!

दुकानात कापडापेक्षा आतलं विचारा. बैठकीचा फोम ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो वजनाचा) मागा. हलका फोम वर्ष-दोन वर्षांत मधोमध खड्डा पाडतो. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच उंच हवी. त्याहून खाली असेल तर आजी-आजोबांना उठताना हात द्यावा लागतो.

टीव्ही युनिट पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं असेल, तर रोजच्या ओल्या पोछ्याने खालची कड फुगते आणि लॅमिनेट सुटतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर नक्कीच. बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या, खाली चार इंची पाय लावा. झाडूही आत जातो.