उंची बघून गोल्फचे क्लब (काठ्या) लांब करू नका, आधी मनगटापासून मोजा

तुमची उंची सहा फूट एक इंच, दुकानात सगळी आयर्न (धातूच्या पात्यासारख्या डोक्याचे क्लब) इंचभर लांब करून दिली आणि तेव्हापासून बॉल डावीकडेच जातोय, हे वाचलं आणि माझंच जुनं दुखणं आठवलं. कोच म्हणतात म्हणून लगेच क्लब धरायची पद्धत बदलू नका.

माझीही उंची तेवढीच. दुकानात भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं आणि शाफ्टच्या (दांड्याच्या) वरच्या टोकाला इंचाचा तुकडा जोडून दिला. माझे हात लांब आहेत, हे कुणी पाहिलंच नाही. बूट घालून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत माझं माप ३५ इंच भरतं. बहुतेक तक्त्यांत या मापाला क्लबची स्टँडर्ड लांबीच दिलेली असते.

अर्धा इंच लांबी वाढली की लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) साधारण एका अंशाने अपराइट (जास्त उभा) झाल्यासारखा होतो. टो (क्लबच्या डोक्याचं पुढचं टोक) हवेत, हील (शाफ्टकडची बाजू) जमिनीत आणि फेस (बॉलला लागणारी बाजू) डावीकडे. लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) जास्त तितका परिणाम जास्त, म्हणून तुमची जास्त लॉफ्टची वेज कमी लॉफ्टच्या ५-आयर्नपेक्षाही डावीकडे जात असेल, बघा.

आठ महिने मी स्विंग दुरुस्त करत बसलो. शेवटी येरवड्याच्या कोर्सवर एका जुन्या कॅडीने (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याने) माझी ७-आयर्न उलटी धरून दाखवली. सोलचा (तळाचा) हीलकडचा भाग घासून पांढुरका झालेला, टोच्या बाजूचा जवळजवळ कोरा. दुकानात गेलो तर म्हणाले, 'तुमचा स्विंगच चुकतोय.' त्याचा राग अजून जात नाही. टेप लावायला दोन मिनिटं लागतात हो!

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) हे करा: बॉलवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती फेसच्या बाजूला ठेवून मारा. फेसवर उमटलेली रेघ वरून टोच्या बाजूला झुकली तर क्लब तुम्हाला अपराइट पडतोय. पाच-सहा बॉल मारून बघा, एकावर ठरवू नका.

तसंच निघालं तर माझ्या मते आधी तो तुकडा काढून टाका. इंचभर लांबीने स्विंगवेटही (फिरवताना क्लबचं डोकं किती जड वाटतं त्याचं माप) साधारण सहा पॉइंटनी वाढतं, ते आपोआप जागेवर येईल. लाय वाकवायचा विचार त्यानंतर. फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) आयर्न सहज वाकतात, कास्ट (ओतीव) असतील तर एक-दोन अंशांपलीकडे हट्ट धरू नका, मोडायची भीती असते.

मी काही फिटर (मापाप्रमाणे क्लब जुळवून देणारा) नाही आणि तुमचा स्विंग पाहिलेला नाही. वरचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. तुकडा काढताना ग्रिप (दांड्यावरची मूठ) काढायचीच आहे तर तिची जाडीही तपासून घ्या: डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत.