पाकिटावरची ‘राजपूत’ नेमकी कोणती?

४ डिसेंबरचा नौदल दिन जवळ आला की ‘राजपूत’ या युद्धनौकेच्या जुन्या टपाल-पाकिटांबद्दल संग्राहकांची विचारणा सुरू होते. या नावाच्या नौका दोन, शिक्के अनेक आणि ऐकीव गोष्टींना तर तोटाच नाही.

माझ्याकडे ‘आयएनएस राजपूत’चा शिक्का असलेलं १९८४चं पाकीट आहे. १९७१च्या युद्धात बुडालेल्या पाकिस्तानी ‘गाझी’ पाणबुडीशी जिचं नाव जोडलं जातं, तीच का ही?

नाही. ही दुसरी, सोव्हिएत बनावटीची. १९८०मध्ये नौदलात आली, २०२१मध्ये निवृत्त झाली.

मग पहिली कुठली? मुंबईत बांधली होती असं ऐकलं.

चुकीचं ऐकलंत. ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला जॉन ब्राउन यांच्या गोदीत बांधलेली विनाशिका. १९४२मध्ये ‘एचएमएस रॉदरहॅम’ म्हणून ब्रिटिश नौदलात दाखल झाली. सप्टेंबर १९४५मध्ये सिंगापूरच्या नौदल तळावर जपान्यांची शरणागती घेताना हीच हजर होती. १९४९मध्ये ‘राणा’ आणि ‘रणजित’ यांच्यासोबत आपल्याकडे आली. ३-४ डिसेंबर १९७१च्या रात्री विशाखापट्टणमबाहेर तिने डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले, ‘गाझी’ही तिथेच बुडाली. पाकिस्तान मात्र आतल्या स्फोटाचं किंवा सुरुंगाचं कारण सांगतो. म्हणून पाकिटामागे ‘गाझी बुडवणारी’ असं पेनाने लिहून ठेवू नका.

‘एचएमएस रॉदरहॅम, १९४३’ असा गोल शिक्का असलेलं पाकीट एक विक्रेता ऑनलाइन विकतोय. ‘फार दुर्मीळ, आजच घ्या’ म्हणतो. घेऊ का?

घेऊ नका. ‘आजच घ्या’ म्हटल्यावरच खिसा आवळायचा.

युद्धकाळात नौकेवरून जाणाऱ्या टपालावर तिचं नाव येऊ द्यायचं नाही, यावर सगळा कटाक्ष असे. नौकेवरचा अधिकारी पत्र वाचून सेन्सॉरचा शिक्का मारी आणि तिकीट रद्द होई ते ‘मेरिटाइम मेल’सारख्या बिननावाच्या शिक्क्याने. घरून खलाशाला आलेल्या पाकिटावर मात्र ‘एचएमएस रॉदरहॅम, केअर ऑफ जीपीओ लंडन’ असा पत्ता सापडतो. थोडक्यात, नाव पत्त्यात असलं तर ठीक, रद्द शिक्क्यात असलं तर आधी शंका. अमेरिकी नौकांवर स्वतःचं पोस्ट ऑफिस असे आणि शांततेच्या काळात शिक्क्यात नौकेचं नावही असे, पण युद्ध सुरू झाल्यावर तेही काढलं गेलं. विक्रेते हे दोन्ही एकत्र कालवतात.

भिंग घ्या. जुन्या घडीवर कागदाचे तंतू तुटलेले असतात. नंतर मारलेल्या रबरी शिक्क्याची शाई त्या भेगेत उतरून पसरते. शिक्का घडीच्या आधीचा असेल, तर घडीबरोबर त्याची रेघही तुटलेली दिसते. आपल्या पाकिटांनाही अशाच कसोट्या लावा. १९४९मध्ये नौका ‘एचएमआयएस राजपूत’ (‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’) होती, ‘आयएनएस’ हे २६ जानेवारी १९५०नंतरचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, तेव्हा १९७१च्या पत्त्यात सहा आकडे दिसले की पाकीट बाजूला ठेवा. एवढं करूनही खात्री वाटली, तर पैसे देण्याआधी नौदल टपालाचा अभ्यास असलेल्या तिकीटसंग्राहकाला प्रत्यक्ष दाखवा. मोबाइलवरच्या फोटोवरून मीसुद्धा निकाल देत नाही.

आजोबांची पत्रं लॅमिनेट करून ठेवू?

अजिबात नको. सेलोटेपही नको.

किंमत किती येईल?

न बघता आकडा सांगणाऱ्याला विकू नका.

आजोबा ‘राजपूत’वर होते. आजी म्हणते पत्रं आहेत, पण ट्रंक अजून उघडली नाही.

कशाची वाट बघताय? आणखी एक पावसाळा गेला की कसर आणि ओल आपलं काम उरकतील. या रविवारी उघडा. पत्र पाकिटातून काढलंत तर दोन्हींवर पेन्सिलीने एकच क्रमांक घाला. पाकिटावरचं तिकीट कापून घेऊ नका, शेजारच्या मुलाने हट्ट केला तरी. आजीला नावं विचारून लगेच लिहून घ्या. आजोबा खलाशी असतील, तर सेवेच्या नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे अर्ज करता येतो. त्यांचा नौदल क्रमांक आणि पेन्शनचे कागद हाताशी ठेवा. वारसाला काय लागतं हे आधी तिथेच विचारून घ्या, एजंटाला नको.