वाढदिवस माझा, मग पाया मीच का पडायचं?

प्रिय चिऊ,

काल रात्री तू विचारलंस, "आई, वाढदिवस माझा, मग सगळ्यांच्या पाया मीच का पडायचं? इथे तर कुणीच पडत नाही." मी "झोप आता" म्हटलं. चुकलं माझं. म्हणून हे पत्र.

इथलंच आधी सांगते. शनिवारी तुझ्या मैत्रिणीकडे सगळ्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, आठवतं? येणारा प्रत्येक जण तिचा हात हातात घेऊन "खेफेलिसिटेर्त" म्हणत होता, आणि मग तिच्या आईचा, बाबांचा, आजोबांचाही. तुमच्या मुलीबद्दल अभिनंदन, तुमच्या नातीबद्दल अभिनंदन! नेदरलँड्समध्ये नवीन आले तेव्हा मला हे काही केल्या उमगेना. मग तू झालीस. तुझ्या पहिल्या वाढदिवसाला शेजारच्या बाईंनी आधी माझाच हात धरला आणि मला रडू फुटलं. कोरियात वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप करतात, मियॉक-गुक. बाळंतिणीला तिथे हेच सूप देतात, आपल्याकडे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर देतात तसं. वाढदिवसाच्या वाटीत आईचं बाळंतपणही आलं! फार आवडतं मला हे.

आपल्याकडे घरातली मोठी माणसं तुझ्या वाढदिवसात येतात ती नमस्कारातून. तू वाकलीस की समोरच्याला काहीतरी द्यावंच लागतं. माझी आजी "औक्षवंत हो" म्हणायची. औक्ष म्हणजे आयुष्य. आजोबा "शतायुषी हो" म्हणतात. ते शंभर फार जुने आहेत. यजुर्वेदात "जीवेम शरदः शतम्" असं मागणं आहे, शंभर शरद ऋतू जगू दे. शुभेच्छा न मागता मिळतात, आशीर्वाद मात्र मागून घ्यायचा आणि मागायची रीत म्हणजे वाकणं. पण एखाद्याच्या पाया पडावंसं वाटलं नाही, तर पडू नकोस. मी ढकलणार नाही.

आणि औक्षण! तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. कुंकू लावायचं, डोक्यावर अक्षता टाकायच्या, सुपारी-अंगठी ओवाळायची, मग निरांजन, मग तोंडात साखर. आमच्या घरी डोक्यावर कापसाचा पुंजकाही ठेवतात. मागे तू तो उडवून लावलास. अगं, तो म्हणतो, केस असे पांढरेशुभ्र होईपर्यंत जग. "म्हातारी हो" हा आशीर्वाद आहे, तुझ्या वयाला तो विचित्र वाटणारच.

निरांजनाला फुंकर का नाही, हेही तू एकदा विचारलं होतंस. आपल्या भाषेलाच विझणं, फुटणं सोसत नाही. देवापुढे नारळ फोडला तरी तो "वाढवला", बांगडी फुटली तरी ती "वाढली". त्याच वाढण्यातून वाढदिवस शब्द आलाय, आणि त्या दिवशी दिवा विझवायचा हे आजीच्या जिवावर येतं. केकवरच्या मेणबत्त्यांना खुशाल फुंकर घाल, तो केकचा रिवाज आहे. निरांजन तेवढं आपोआप शांत होऊ दे.

आजी दोनदा फोन का करते? एक तारखेचा, एक तिथीचा. इथे लोक संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगतात. त्यावर वार नसतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षं चालतं. आजीला मात्र दर वर्षी कालनिर्णय उघडून तुझी तिथी शोधावी लागते. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी ११ दिवस आधी येते, मग अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकते. तू १९ वर्षांची होशील तेव्हा तिथी आणि तारीख जवळजवळ एकाच दिवशी येतील. तेव्हा आजीचा एकच फोन येईल, आणि तो लांबलचक असेल!

रविवारी तू नऊ वर्षांची होतेस. पाट नाही आपल्याकडे, तर इथल्यासारखी खुर्ची सजवू आणि तिच्याभोवती रांगोळी काढू. आजीला व्हिडिओवर बोलावू. ती तिकडून ओवाळेल, मी इकडून. कापसाचा डबा फडताळात वरच्या खणात आहे. वात तू वळ, आता तुला छान जमते.

तुझी,
आई